उपचाराच्या वहीतली परकी भाषा
वर्तन-उपचार केंद्रांना खुले पत्र

प्रति,
अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या उपनगरांतील वर्तन-उपचार केंद्रांचे संचालक, पर्यवेक्षक आणि थेरपिस्ट यांस,



स्वमग्न मुलांसाठी वापरल्या जाणाऱ्या ज्या पद्धतीला शास्त्रात ‘उपयोजित वर्तन विश्लेषण’ म्हणतात आणि पालक जिला ‘एबीए’ या तीन अक्षरांनीच ओळखतात, तिची केंद्रे आता उपनगरांतील सोसायट्यांच्या तळमजल्यांवर, शिकवणीवर्गांच्या आणि दवाखान्यांच्या शेजारी दिसू लागली आहेत. या केंद्रांतून घरी एक वही जाते किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक तक्ता येतो, आणि त्यात ‘मँड वाढवा’, ‘प्रॉम्प्ट फेड करा’, ‘बिहेविअर एस्केप-मेन्टेन्ड आहे, एक्स्टिंक्शनवर ठेवा’ अशा सूचना असतात. त्या अमलात आणायच्या असतात त्या बहुधा आईने, आणि आई नोकरीवर असेल तर आजीने. या दोघींना त्या शब्दांचा अर्थ कोणी उलगडून सांगितलेला नसतो, आणि तरीही पानाच्या तळाशी पालकांची सही घेतलेली असते. प्रस्तुत पत्र त्या न कळलेल्या शब्दांविषयी आहे.

मराठी माणसाला आपल्या भाषेचा अभिमान असणे स्वाभाविक असले, तरी येथे प्रश्न उपचार लागू पडण्याचा आहे, आणि त्याचे उत्तर या शास्त्राच्याच पायाभूत लेखात सापडते. कॅन्सस विद्यापीठातील डोनाल्ड बेअर, माँट्रोझ वुल्फ आणि टॉड रिझ्ली या तिघांनी १९६८ मध्ये, ‘जर्नल ऑफ अप्लाइड बिहेविअर अ‍ॅनालिसिस’ या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात, कोणत्या कामाला उपयोजित वर्तन विश्लेषण म्हणावे याच्या सात कसोट्या मांडल्या. त्यांपैकी तीन या पत्राच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. काम ‘उपयोजित’ तेव्हा ठरते जेव्हा निवडलेले वर्तन त्या व्यक्तीच्या आणि तिच्या भोवतालच्या माणसांच्या जगण्यात खरोखर महत्त्वाचे असते. ते ‘तंत्रबद्ध’ तेव्हा ठरते जेव्हा कृतीचे वर्णन इतके नेमके असते की केवळ ते वाचून दुसऱ्याला तीच कृती तशीच करता यावी. आणि त्याला ‘व्याप्ती’ आहे असे तेव्हा म्हणता येते जेव्हा झालेला बदल काळाबरोबर टिकतो आणि उपचाराच्या खोलीबाहेरही दिसतो. मूळ लेखात हा वाचणारा प्रशिक्षित गृहीत धरलेला आहे, हे खरे; परंतु घरच्या कार्यक्रमात कृती करणारी व्यक्ती आई हीच असते, तेव्हा तंत्रबद्धतेची कसोटी तिच्यापाशीच लावावी लागते. मुलुंडच्या एका स्वयंपाकघरात जे वर्णन वाचून काहीच करता येत नाही, ते या शास्त्राच्या स्वतःच्या मापानेही अपुरे आहे.

यावर केंद्रांकडून असे सांगितले जाते की मराठीत या कल्पनांना शब्दच नाहीत, आणि जे आहेत ते पाठ्यपुस्तकी आहेत. दुसऱ्या भागात थोडे तथ्य आहे. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘साधक अभिसंधान’, ‘प्रबलन’, ‘विलोपन’ हे शब्द आहेत, ते काटेकोर आहेत, आणि अभ्यासकांनी ते वापरलेच पाहिजेत. पण ते आजीपुढे ठेवून भागणार नाही. पहिला भाग मात्र साफ चुकीचा आहे, कारण वर्तनाच्या शास्त्रातील बहुतेक मूलभूत कल्पना मराठी घरांत रोजच्या बोलण्यात आहेत, आणि त्या तेथे का आहेत याचा विचार करणे केंद्रांच्याच हिताचे आहे.

प्रबलन, म्हणजे ज्याला केंद्रांत ‘रीइन्फोर्समेंट’ म्हटले जाते, हीच कल्पना पाहावी. एखाद्या वर्तनानंतर जे घडते त्यामुळे ते वर्तन पुढे वाढले, तर त्या घडण्याला प्रबलन म्हणायचे, अशी मांडणी बी. एफ. स्किनर यांनी १९३८ मधील आपल्या पहिल्या ग्रंथापासून केली. येथे कळीचा शब्द ‘वाढले’ हा आहे. परिणाम गोड होता की कडू, देणाऱ्याचा हेतू काय होता, याला व्याख्येत स्थान नाही; वर्तन वाढले की नाही, एवढेच पाहायचे असते. मराठीत मोठी माणसे म्हणतात, ‘त्याच्या रडण्याला खतपाणी घालू नका’, आणि या वाक्प्रयोगात संपूर्ण व्याख्या सामावलेली आहे, कारण खतपाणी कशाला म्हणायचे हे रोप वाढले यावरूनच ठरते. उलट केंद्रांत पालकांना रीइन्फोर्सर म्हणजे ‘बक्षीस’ असे घाईत सांगितले जाते, आणि तेथून दोन गैरसमज सुरू होतात. पहिला असा की बक्षीस म्हणजे खाऊ, त्यामुळे डब्यात चॉकलेटच्या गोळ्या भरून ठेवल्या की काम झाले. दुसरा याहून घातक आहे: रागावणे हे बक्षीस नव्हे, म्हणून त्याने वर्तन वाढणारच नाही असे पालक धरून चालतात, आणि ज्या मुलाला आईने आपल्याकडे वळून मोठ्याने बोलणे हेच हवे असते त्याला दिवसभर भरपूर खतपाणी मिळत राहते. एक मराठी शब्द नीट वापरला असता तर हे दोन्ही टळले असते.

खाऊच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ओघाने सांगण्याजोगी आहे. जेवून लगेच आलेल्या मुलाला बिस्किटाचे मोल नसते, तर शाळेतून थेट आलेल्याला ते फार असते. एखाद्या परिणामाचे मोल त्या वेळी कमीजास्त करणाऱ्या अशा स्थितीचे विश्लेषण जॅक मायकल यांनी १९८० च्या दशकात केले, आणि आज तिला ‘प्रेरक स्थिती’ म्हणता येईल. ‘आज मूड नव्हता’ असा जो शेरा वहीत वारंवार दिसतो, त्याच्या जागी मूल किती वाजता जेवले आणि किती वेळ लोकलच्या गर्दीत उभे होते हे लिहिले, तर तो शेरा उपयोगाचा होईल.

‘निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट’ या संज्ञेने झालेले नुकसान सर्वांत मोठे आहे. तिचा अर्थ शिक्षा असा सर्रास केला जातो, आणि खेदाची बाब अशी की काही केंद्रांतील कर्मचारीही तसेच समजावतात. वास्तविक ऋण प्रबलनात नकोशी गोष्ट दूर होते आणि म्हणून वर्तन वाढते; शिक्षेत वर्तन घटते. वजाबाकी परिस्थितीतून होते, वर्तनातून नव्हे. लिहिण्याची वही पुढे आली की मूल स्वतःचा हात चावते, घाबरून वही बाजूला केली जाते, चावणे थांबते, आणि दुसऱ्या दिवशी वही दिसताच ते लवकर आणि अधिक जोराने चावते: हे ऋण प्रबलन आहे, कारण चावण्याने नकोशी वही दूर झाली. हा घटनाक्रम पालकाच्या बाजूनेही पाहावा लागतो. मूल किंचाळत असताना त्याच्या हातात मोबाइल दिला की किंकाळी थांबते, म्हणजे आईच्या दृष्टीने नकोशी गोष्ट दूर झाली, आणि म्हणून मोबाइल देण्याचे आईचे वर्तन वाढते. दोघेही एकमेकांना शिकवत असतात आणि दोघांपैकी एकाचाही यात दोष नसतो. हे जर ओळखीच्या शब्दांत समजावले गेले, तर आईच्या मनातील अपराधीपण बऱ्याच अंशी उतरेल. ‘तुम्हीच त्याला बिघडवले’ हे वाक्य तिला सासरी, शाळेत आणि इमारतीच्या जिन्यात पुरेसे ऐकायला मिळालेले असते, आणि ते तिने केंद्रातही ऐकावे हे असह्य आहे.

विलोपन, म्हणजे ‘एक्स्टिंक्शन’, याचे भाषांतर वहीत ‘इग्नोर करा’ असे येते. हे भाषांतर चुकीचे असून प्रसंगी धोक्याचे आहे. विलोपनात ज्या परिणामाने वर्तन वाढत होते तोच परिणाम बंद करायचा असतो, म्हणजेच त्या विशिष्ट रोपाचे खतपाणी तोडायचे असते. वर्तन लक्ष मिळवण्यासाठी असेल तर लक्ष काढून घेणे हे विलोपन होय. पण वर्तन काम टाळण्यासाठी, म्हणजे वहीच्या भाषेत ‘एस्केप-मेन्टेन्ड’, असेल तर दुर्लक्ष करणे म्हणजे मुलाला हवे ते आयतेच देणे होय, कारण दुर्लक्षाच्या त्या पाच मिनिटांत कामही टळते. शिवाय खतपाणी तुटले की वर्तन ओसरण्याआधी काही काळ उसळू शकते, आवाज वाढतो, कधी मारणे सुरू होते. शास्त्राच्या पुस्तकांत हा टप्पा सर्वत्र नोंदलेला आहे, परंतु घरी जाणाऱ्या वहीत तो क्वचितच असतो.

येथे उपनगरांतील घराचा विचार अपरिहार्य आहे. वन रूम किचनच्या घरात, जेथे एका भिंतीपलीकडे दुसऱ्याचे घर आहे, रात्री साडेदहा वाजता सुरू झालेली ती उसळी आई किती वेळ सोसू शकेल? दहाव्या मिनिटाला शेजारचे दार उघडते, पंधराव्या मिनिटाला कोणी तरी बेल वाजवते, आणि विसाव्या मिनिटाला ती हार मानून मोबाइल देते. त्या रात्री मूल जे शिकते ते असे की वीस मिनिटे ओरडल्यावर मिळते. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रबलनाच्या वेळापत्रकांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्याही आधीपासून हे ठाऊक आहे की दर वेळी मिळणाऱ्या परिणामापेक्षा अधूनमधून मिळणाऱ्या परिणामाने घडलेले वर्तन मोडायला फार अवघड जाते. मराठीत म्हणतात, ‘म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो’; हा सोकावणे शब्द नेमका याच प्रक्रियेचा आहे. म्हणून अशी विनंती आहे की ज्या घरात उसळी सोसण्याची सोय नाही तेथे विलोपन सुचवूच नये, आणि त्याऐवजी मुलाला तीच गोष्ट मागण्याचा सोपा, शांत मार्ग आधी शिकवावा. तो मार्ग या शास्त्रात आहे आणि त्यावर भरपूर काम झालेले आहे. विलोपन सुचवायचेच असेल, तर आधी शेजाऱ्यांना सांगण्याची चिठ्ठीही केंद्रानेच लिहून द्यावी.

वर्तन कशासाठी होते, या प्रश्नाच्या उत्तराला शास्त्रात वर्तनाचे ‘कार्य’ म्हणतात. ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करणाऱ्या नऊ व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या परिस्थिती मुद्दाम उभ्या करून हे दाखवले की वरून सारखे दिसणारे वर्तन वेगवेगळ्या कारणांनी टिकून राहते. म्हणजे एकाचे डोके आपटणे लक्षासाठी, दुसऱ्याचे काम टाळण्यासाठी, तर तिसऱ्याचे त्या संवेदनेसाठीच असू शकते. या शोधाचा गाभा असा की वर्तनाचे कारण परिस्थितीत शोधावे, मुलाच्या स्वभावात नव्हे. असे असता ‘हा अटेन्शन सीकर आहे’ असे वाक्य अहवालात येते तेव्हा शोधाचा गाभाच हरवतो, आणि ‘लाडावलेला आहे’, ‘नाटकं करतो’ या जुन्या शेऱ्यांना इंग्रजी प्रतिष्ठा तेवढी मिळते. वर्तनाआधी काय झाले, वर्तन काय झाले आणि त्यानंतर काय झाले, या तीन रकान्यांचा तक्ता आईला मराठीत भरायला दिला, तर आठवड्याभरात ती केंद्राला जे सांगू शकेल ते तासाभराच्या सेशनमध्ये दिसणे अशक्य आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र प्रामुख्याने लिहिले गेले, तो भाषेच्या शिकवणीचा. स्किनर यांनी १९५७ मधील ‘व्हर्बल बिहेविअर’ या ग्रंथात बोलण्याचे वर्गीकरण शब्दांच्या अर्थावरून न करता, बोलणे कशामुळे घडते आणि त्याने काय मिळते यावरून केले. हवी असलेली वस्तू मागणे म्हणजे ‘मँड’, समोर दिसणाऱ्या गोष्टीचे नाव घेणे म्हणजे ‘टॅक्ट’, ऐकलेले तसेच उच्चारणे म्हणजे ‘इकोइक’, आणि दुसऱ्याच्या शब्दांना आपल्या शब्दांनी उत्तर देणे म्हणजे ‘इंट्राव्हर्बल’. मराठीत यांना मागणे, नाव घेणे, मागोमाग म्हणणे आणि उत्तर देणे असे म्हणता येईल, आणि या चार शब्दांत वहीची अर्धी पाने कोणालाही कळतील. या वर्गीकरणाचे मर्म असे की ‘पाणी’ हा एकच शब्द चार ठिकाणी चार वेगळी वर्तने असतो. पाण्याचे चित्र पाहून ‘पाणी’ म्हणणारे मूल तहान लागल्यावर ‘पाणी’ म्हणेलच असे नाही.

याच तर्काने पुढे गेले तर असे दिसते की मागणे हे वर्तन ऐकणाऱ्यावर सर्वस्वी अवलंबून असते. ‘वॉटर’ म्हटल्यावर थेरपिस्ट ताई पेला देतात, पण घरी पणजी देत नाही, कारण तिला तो शब्द कळत नाही किंवा मुलाच्या अस्पष्ट उच्चारात ओळखता येत नाही. न मिळालेल्या मागण्याचे हळूहळू विलोपन होते, आणि केंद्राने तीन महिन्यांत उभे केलेले वर्तन घरी आपोआप मावळते. ज्या मुलाच्या घरी मराठी, इमारतीत गुजराती, रस्त्यावर हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलली जाते (घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवलीत हे नित्याचे आहे), त्याच्या पहिल्या पाच-दहा मागण्या कोणत्या भाषेत असाव्यात हा प्रश्न त्याच्या दिवसाचे अधिकांश तास ज्यांच्याबरोबर जातात त्यांच्याकडे पाहून सोडवावा लागेल. त्याऐवजी ‘मुलाचा गोंधळ होतो, घरात फक्त इंग्रजी बोला’ असा सल्ला आजही दिला जातो. दोन भाषांच्या वातावरणामुळे स्वमग्न मुलांच्या भाषाविकासाला अपाय होतो असे उपलब्ध संशोधनात आढळलेले नाही. उलट या सल्ल्याने आई ज्या भाषेत सहज गाते, रागावते आणि गोष्ट सांगते त्या भाषेत मुलाशी बोलणेच बंद करते, आणि ज्या मुलाला अधिक बोलणे ऐकण्याची गरज आहे त्याच्या वाट्याला कमी बोलणे येते.

मराठीतून शिकवायचे म्हटले की काही गोष्टी मराठीच्याच शिकाव्या लागतात, आणि इंग्रजी पुस्तिकांत त्या असणे शक्य नाही. ‘मंमं’, ‘दुदू’, ‘भुर्र’ हे घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले बाळबोलीचे शब्द ओठांवर सोपे आहेत आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळतात, म्हणून दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या पहिल्या मागण्यांसाठी ते योग्य ठरतात. आठ वर्षांच्या मुलाला मात्र ते देऊ नयेत, त्याच्या वयाचा मान राखावा. पाणी मागताना एका घरात ‘हवं’ म्हणतात, दुसऱ्यात ‘पाहिजे’, मालवणी घरात ‘व्हया’. त्या घराचा शब्द विचारून घ्यावा. मराठी क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलते, आणि या केंद्रांतील थेरपिस्ट बहुसंख्य स्त्रिया असल्यामुळे मागोमाग म्हणण्यातून मुलगे ‘मी येते’, ‘मी खाते’ असे शिकतात. शाळेतील मुले त्यावर हसतात. मुलग्याला नमुना देताना बाईंनी ‘मी येतो’ असेच म्हणून दाखवावे, ही साधी खबरदारी कोणत्याही अहवालात दिसत नाही. त्याचप्रमाणे पाणी हवे असताना ‘तुला पाणी हवं का?’ असे म्हणणारे मूल चुकत नसते, ते मागतच असते. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे वापरून त्याने एक मोठी पायरी ओलांडलेली असते. पेला आधी द्यावा, वाक्य नंतर दुरुस्त करावे.

हे सर्व करायला माणसे कोठून आणायची, असा प्रश्न केंद्रे विचारतील. वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाचा आणि श्रवण यांचे तज्ज्ञ तयार होतात, मराठीतून मानसशास्त्र शिकलेले पदवीधर शहरात आणि जिल्ह्यांत आहेत, आणि कित्येक केंद्रांत मुलांना सांभाळणाऱ्या ज्या मदतनीस बाई असतात त्याच तेथील सर्वांत सहज मराठी बोलणाऱ्या असतात. त्या बाईंना प्रशिक्षण द्यावे आणि त्यानुसार पगारही द्यावा.

व्याप्तीचा प्रश्न मुंबईत सुरक्षिततेचा प्रश्न होतो. टेबलाशी ‘वेट’ म्हटल्यावर थांबणारे मूल घाटकोपर स्थानकाच्या पुलावर, जेथे २०१४ पासून मेट्रोची आणि लोकलची गर्दी एकमेकींत मिसळते, तेथे आजोबांच्या ‘थांब’ या हाकेला थांबेल असे गृहीत धरता येत नाही. शिकलेले आपोआप सर्वत्र पसरेल अशी आशा धरू नये, पसरण्याचीही योजना करावी, असे ट्रेव्हर स्टोक्स आणि डोनाल्ड बेअर यांनी १९७७ मध्येच सांगितले आहे. ‘व्हॉट इज युअर नेम?’ या प्रश्नाला नव्वद टक्के अचूक उत्तर देणारे मूल फलाटावर हरवले, तर पोलीस त्याला ‘तुझं नाव काय?’ किंवा ‘नाम क्या है?’ असेच विचारणार आहे. त्या दोन्ही प्रश्नांना नाव आणि घरचा फोन नंबर सांगता येणे, किंवा बोलता येत नसेल तर गळ्यातले कार्ड काढून दाखवता येणे, हे उद्दिष्ट रंग आणि आकार ओळखण्याच्या कितीतरी आधी यायला हवे. बेअर, वुल्फ आणि रिझ्ली यांनी ‘उपयोजित’ शब्दाने जे म्हटले ते हेच होय.

मदत देणे आणि काढून घेणे यांविषयी थोडेच सांगायचे आहे, कारण येथे केंद्रांचे काम बरेचदा चांगले असते. ‘प्रॉम्प्ट’ म्हणजे बोट धरणे आणि ‘फेडिंग’ म्हणजे ते बोट हळूहळू सोडणे, असे सांगितले की बोट फार लवकर सोडले तर मूल पडते आणि फार काळ धरले तर ते एकटे चालत नाही, हे वेगळे समजवावे लागत नाही.

याहून कठीण विषय मुलाच्या संमतीचा आहे. ‘आठवड्याला चाळीस तास’ हा जो आकडा पालकांना ऐकवला जातो, त्याचे मूळ लॉस एंजेलिस येथील इव्हार लोव्हास यांच्या १९८७ मधील अभ्यासात आहे. तेथे एकोणीस मुलांना दोन वा अधिक वर्षे दर आठवड्याला चाळीस तास शिकवले गेले आणि त्यांपैकी नऊ मुले बुद्धिमापनात आणि शाळेत इतरांच्या बरोबरीला आल्याचे नोंदवले गेले. ज्या पालकांना हा आकडा सांगून कर्ज काढायला लावले जाते, त्यांना हेही सांगितले पाहिजे की मुलांची दोन गटांत विभागणी यादृच्छिक पद्धतीने झालेली नव्हती, आणि लोव्हास यांच्या पद्धतीत त्या काळी मोठ्याने ओरडणे आणि मांडीवर चापट मारणे यांचाही समावेश होता. आज मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्ती या पद्धतीविषयी जे लिहितात आणि बोलतात, विशेषतः हात फडफडवणे किंवा डुलणे थांबवण्यासाठी खर्ची पडलेल्या त्यांच्या बालपणाविषयी, ते केंद्रांनी वाचले पाहिजे. ज्या हालचालीने कोणालाही इजा होत नाही आणि मुलाला शांत वाटते, ती काढून टाकणे हे उद्दिष्ट कोणाच्या सोयीसाठी आहे, हा प्रश्न या शास्त्राला परका नाही. उद्दिष्टे, पद्धती आणि परिणाम या तिन्हींविषयी त्या सेवेचा ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांचे मत विचारावे, असे वुल्फ यांनी १९७८ मध्ये ‘सामाजिक ग्राह्यता’ या नावाने मांडले होते. जे मूल केंद्राच्या दारातच रडून मागे वळते, त्यानेही आपले मत दिलेले असते, आणि ते वहीत ‘नॉन-कम्प्लायन्स’ म्हणून नोंदवले जाऊ नये.

शेवटची तक्रार पात्रतेची आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषद कायद्यानुसार चिकित्सक मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, वाचा व श्रवणतज्ज्ञ यांची नोंदणी होते. वर्तन विश्लेषक असा स्वतंत्र वर्ग त्यात नाही. अमेरिकेतील ज्या मंडळाच्या प्रमाणपत्रांची आद्याक्षरे केंद्रांच्या फलकांवर दिसतात, त्या मंडळाने २०२३ पासून भारतातील नव्या उमेदवारांना प्रमाणपत्रे देणे थांबवले आहे. अशा स्थितीत कोण कोठे काय शिकले, किती तासांचे शिकले आणि त्यांच्यावर देखरेख कोणाची आहे, हे मराठीत लिहून दर्शनी भागात लावणे हा केंद्रांच्या प्रामाणिकपणाचाच भाग ठरेल. चाळीस तासांचा प्रशिक्षणवर्ग केलेली तरुणी मन लावून काम करत असेल आणि तिचे कौतुकही व्हावे. परंतु ती जे करते त्याच्या जबाबदारीवर कोणाची सही आहे, हे पालकांना कळले पाहिजे.

या सर्वांवर उपाय म्हणून केंद्रांकडे मागणे फार मोठे नाही. पुढील तिमाही अहवालापासून घरी जाणारे प्रत्येक पान त्या घराच्या भाषेत असावे; संज्ञा आल्यास तिचा अर्थ त्याच ओळीत, ओळखीच्या शब्दांत द्यावा; आणि सही घेण्यापूर्वी पालकांना ते पान आपल्या शब्दांत परत सांगायला सांगावे. त्या बैठकीला आजी किंवा आजोबा, जे कोणी दिवसभर मुलाजवळ असतात, त्यांना आवर्जून बोलवावे, आणि बोलणे सुरू करताना मूल घरी पाणी कसे मागते, हे आधी त्यांनाच विचारावे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला स्नेहांकित,
बालविकास आणि भाषा या विषयांचा एक अभ्यासक
मुलुंड (पूर्व), मुंबई